हाय डोसच्या एकाच रॅटमध्ये दुर्मिळ ट्युमर आला, आता रिपोर्टमध्ये काय लिहायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ९० दिवसांची ओरल टॉक्सिसिटी स्टडी, विस्टार रॅट, प्रत्येक ग्रुपला १० नर आणि १० माद्या. नेक्रॉप्सीला, म्हणजे शवविच्छेदनाला, हाय डोसच्या एका नराच्या डाव्या किडनीला पांढरट गाठ दिसली, स्लाइडवर नेफ्रोब्लास्टोमा हा किडनीचा दुर्मिळ ट्युमर निघाला. कंट्रोल (डोस न दिलेला ग्रुप), लो, मिड सगळीकडे शून्य. स्पॉन्सर, म्हणजे स्टडी करून घेणारी कंपनी, विचारतोय की आमच्या मॉलिक्यूलने कॅन्सर होतो का, स्टडी डायरेक्टर म्हणतोय 'इन्सिडेंटल' (योगायोगाने आलेला) लिहा आणि विषय संपवा, आणि रिपोर्टवर पॅथॉलॉजिस्ट म्हणून सही तुमची.

आधी मत सांगून टाकतो. डायग्नोसिस बरोबर असेल तर हा ट्युमर स्पॉन्टेनियस आहे, टेस्ट आयटमशी, म्हणजे तपासल्या जाणाऱ्या मॉलिक्यूलशी, त्याचा संबंध नाही, असं मी बिनधास्त लिहीन. पण ते नुसतं 'इन्सिडेंटल' एवढं लिहून सोडणार नाही, कारण तो शब्द म्हणजे निष्कर्ष झाला, कारण नाही झालं, आणि रिव्ह्यूअर कारणच विचारतो. दुर्मिळ ट्युमरच्या बाबतीत आकडे तुम्हाला फार कमी मदत करतात, १० विरुद्ध १० मध्ये १ आणि ० असेल तर फिशर टेस्टचा (दोन ग्रुपमधला फरक तपासणारी चाचणी) एकतर्फी पी, म्हणजे असा फरक नुसत्या योगायोगाने दिसायची शक्यता, ०.५ येतो आणि ५० विरुद्ध ५० मध्ये १ आणि ० असेल तरी ०.५ च येतो, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. त्यामुळे जे काही ठरवायचं ते त्या गाठीच्या जीवशास्त्रावरून, प्राण्याच्या वयावरून आणि बाकीच्या किडन्यांमध्ये काय दिसतंय त्यावरून ठरवावं लागतं.

आपल्यातले बरेच जण इथेच अडकतात आणि त्याला कारण आहे. परळला काय किंवा आणखी कुठल्या व्हेटरनरी कॉलेजात काय, पॅथॉलॉजी शिकताना बैलाच्या शिंगाचा कॅन्सर, कुत्र्यांचा टीव्हीटी (समागमातून पसरणारा ट्युमर), गायीच्या डोळ्याचा ट्युमर हे सगळं पाठ होतं, पण रॅटचं कुणी शिकवत नाही, ते लॅबला लागल्यावर शिकायचं. आणि लॅबला लागल्यावर दिसतं काय तर पिट्युटरी अ‍ॅडेनोमा आणि मॅमरी फायब्रोअ‍ॅडेनोमा, म्हाताऱ्या माद्यांमध्ये तर ढिगाने, त्यामुळे वेगळं काही आलं की पोटात गोळा येतो.

तर नेफ्रोब्लास्टोमा. हा ट्युमर किडनीच्या भ्रूणावस्थेतल्या पेशींपासून होतो, त्यांना ब्लास्टेमा म्हणतात. रॅटची किडनी जन्माच्या वेळी पूर्ण झालेली नसते, नवे नेफ्रॉन जन्मानंतरही तयार होत राहतात आणि दुसऱ्या आठवड्याच्या आसपास ते काम संपतं, ब्लास्टेमा नाहीसा होतो. क्वचित एखाद्या पिल्लात तो थोडा शिल्लक राहतो आणि त्यातून पुढे गाठ होते. आता तुमच्या स्टडीत डोसिंग कधी सुरू झालं? गाइडलाइनप्रमाणे ९ आठवड्यांच्या आत, म्हणजे बहुतेक ६ ते ८ आठवडे वयाला. म्हणजे ज्या पेशींपासून हा ट्युमर होतो त्या पेशी निरोगी किडनीतून तुमचा पहिला डोस पडायच्या कितीतरी आधी संपलेल्या असतात. हा एवढा एक मुद्दा जरी नीट मांडला तरी अर्धं काम होतं. उलट बाजूनेही तेच दिसतं, रॅटमध्ये हा ट्युमर केमिकलने करायचा असेल तर एथिलनायट्रोसोयुरियासारखा जहाल म्युटाजेन गाभण मादीला देतात, पिल्लं पोटात असताना, मोठ्या रॅटला नाही.

शिवाय वय. हा म्हाताऱ्या रॅटचा ट्युमर नाहीच, तो बहुधा तरुण रॅटमध्ये भेटतो, त्यामुळे दोन वर्षांच्या स्टडीपेक्षा ९० दिवसांच्या किंवा त्याहून छोट्या स्टडीत तो दिसला तर मला आश्चर्य वाटत नाही. १९-२० आठवड्यांच्या नरात एकाच किडनीला, एकच गाठ, बाकी किडनी स्वच्छ, हे अगदी नेहमीचं चित्र आहे.

पण हे सगळं डायग्नोसिस बरोबर असेल तर. म्हणून स्लाइड पुन्हा बघा. लो पॉवरला निळ्याशार दाट पेशींची बेटं दिसली पाहिजेत, सायटोप्लाझम नसल्यासारखाच, न्यूक्लियस एकमेकांना खेटलेले, मायटोसिस भरपूर. त्या बेटांच्या मधे अर्धवट जमलेल्या नळ्या दिसतात, कुठे ग्लोमेरुलस व्हायला निघालेली आणि मधेच राहिलेली रचना दिसते, मधला स्ट्रोमा कमी. ब्लास्टेमा सापडत नसेल आणि सगळीकडे लांबट पेशी, मधे अडकून पडलेल्या जुन्या नळ्या असं दिसत असेल तर तो रिनल मेसेन्कायमल ट्युमर आहे आणि मग गोष्ट बदलते, कारण तो डायमिथाइलनायट्रोसामाइनसारख्या नायट्रोसामाइनने व्यवस्थित करता येतो आणि तरुण रॅटमध्येच करता येतो. हल्ली औषधांतल्या नायट्रोसामाइन इम्प्युरिटीचा जो बाजार उठलाय तो बघता हे दोन ट्युमर एकमेकांत मिसळणं महागात पडेल. लिम्फोमाही किडनीत शिरला की लो पॉवरला निळाच दिसतो, त्यासाठी स्प्लीन, थायमस, लिम्फ नोड एकदा नजरेखालून घाला. डब्ल्यूटी-१ या प्रोटीनची इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (अँटिबॉडीने रंगवायची तपासणी) होत असेल तर करा, ब्लास्टेमा पॉझिटिव्ह आला की वाद मिटतो. नाही झाली तरी चांगल्या एच अँड ई (नेहमीच्या रंगाच्या) सेक्शनवर हे डायग्नोसिस करता येतं, अडून बसू नका.

तरुण रॅटच्या किडनीत आणखी एक ट्युमर असतो जो बघून लोक घाबरतात, अ‍ॅम्फोफिलिक-व्हॅक्युओलर टाइपचा रिनल ट्युब्यूल ट्युमर. मोठ्या गोलसर पेशी, गुलाबी-जांभळा सायटोप्लाझम, त्यात बुडबुड्यांसारखे व्हॅक्युओल, आणि खास गोष्ट म्हणजे तो पुष्कळदा दोन्ही किडन्यांत आणि अनेक ठिकाणी असतो. दोन्हीकडे आणि अनेक म्हटलं की आपल्या डोक्यात लगेच केमिकल येतं, पण इथे तोच पुरावा उलट्या दिशेने जातो, असा प्रकार वारशाने आल्याचा संशय देतो. एनटीपीच्या म्हणजे अमेरिकेच्या नॅशनल टॉक्सिकॉलॉजी प्रोग्रॅमच्या जुन्या स्टडीजच्या स्लाइड पुन्हा काढून बघितल्या गेल्या तेव्हा हे ट्युमर डोसशी न जुळणारे, तुरळक, आणि काही वेळा एकाच वेतातल्या भावंडांत सापडले. वारशाने येणाऱ्या किडनी ट्युमरची रॅटमधली जुनी उदाहरणं माहीत असायला हवीत: नॉर्वेत रायडर एकर यांनी १९५४ मध्ये वर्णन केलेला एकर रॅट, ज्यात पुढे टीएससी-२ जीनचं म्युटेशन सापडलं, आणि जपानमधला निहोन रॅट, त्यात बीएचडी जीन बिघडलेला असतो. दोन्ही साध्या लॅब कॉलनीतून निघालेत, एक विस्टारमधून आणि एक स्प्रॅग-डॉलीमधून. म्हणजे कॉलनीत असं काही लपून असू शकतं हे काल्पनिक नाही.

यावरून आठवलं, तुमचे रॅट कुठून आले? विकत घेतलेले असतील तर सप्लायरला त्या नंबरच्या रॅटचं वेत विचारा, चांगला ब्रीडर सांगतो. आणि घरच्या कॉलनीतले असतील तर ब्रीडिंग रजिस्टर काढा, आई-बाप कोण, भावंडं कुठल्या ग्रुपला गेली. आपल्याकडे कितीतरी ठिकाणी 'विस्टार' म्हणजे वर्षानुवर्षं त्याच जनावरांतून वाढवलेली बंद कॉलनी असते, जोड्या फिरवायची शिस्त कागदावर असते आणि प्रत्यक्षात ज्या पिंजऱ्यात नर मोकळा तो लावला असा कारभार चालतो, मग एखादा बिघडलेला जीन आत घर करून बसला तर नवल काय. मूळ विस्टार १९०६ च्या सुमाराला फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमधला, तिथून आपल्या पिंजऱ्यापर्यंत येताना त्याचं काय काय झालंय कुणाला माहीत.

आता आकड्यांकडे येतो, कारण स्पॉन्सरला जीवशास्त्र सांगून पटत नाही, त्याला टक्के लागतात. स्पॉन्सरचं म्हणणं असतं, एवढा दुर्मिळ ट्युमर, आणि तो नेमका आमच्याच डोस ग्रुपमध्ये कसा? याचं उत्तर साधं आहे. चार ग्रुप आहेत, तीन डोसचे आणि एक कंट्रोलचा, सगळे सारख्या संख्येचे. औषधाचा काहीही परिणाम नसला आणि एकच गाठ कुठेतरी येणारच असली, तर ती डोस घेतलेल्या जनावरात यायची शक्यता ७५ टक्के आहे. हाय डोसमध्येच यायची २५ टक्के. चारात एकदा घडणाऱ्या गोष्टीला योगायोग म्हणायला काय हरकत आहे?

दुसरा भाग लोकांच्या लक्षात येत नाही. एकेक ट्युमर दुर्मिळ असतो, पण दुर्मिळ ट्युमरचे प्रकार किती आहेत! झिंबल ग्रंथीचा कार्सिनोमा, हृदयातला श्वानोमा, ओडोन्टोमा, कॉर्डोमा, हायबरनोमा, पिनियलचा ट्युमर, ओव्हरीतला योक सॅक कार्सिनोमा, यादी संपत नाही. गृहीत धरा की असे ५० प्रकार आहेत आणि प्रत्येकाचं प्रमाण हजारात एक. दोन वर्षांच्या स्टडीत ४०० रॅट असतात. हिशोब केला तर त्या एका स्टडीत असे २० दुर्मिळ ट्युमर अपेक्षित आहेत, त्यात १३-१४ प्रकार असे निघतील की जे अख्ख्या स्टडीत एकदाच दिसले, आणि त्यातले १० डोस ग्रुपमध्ये. औषध म्हणून नुसतं पाणी पाजलं तरी. सोसायटीच्या लकी ड्रॉमध्ये मिक्सर कुणाला ना कुणाला लागतोच, तो सेक्रेटरीच्या मेहुण्याला लागला की मगच लोकांना संशय येतो, तसंच हे. गाठ आली यात विशेष काही नाही, ती हाय डोसमध्ये आली म्हणून आपण तिच्याकडे बघतोय.

बरं, मग किती आल्या तर काळजी करायची? दुर्मिळ म्हणजे किती याला रेग्युलेटरी जगात ठरलेली रेघ आहे, कंट्रोलमधलं प्रमाण १ टक्क्याहून कमी. अमेरिकेच्या एफडीएच्या, म्हणजे औषध नियंत्रकाच्या, २००१ च्या ड्राफ्ट गाइडन्समध्ये दुर्मिळ ट्युमरला सैल निकष दिलाय, कंट्रोल विरुद्ध हाय डोस तुलनेत पी ०.०५ आणि ट्रेंडला (डोसबरोबर प्रमाण वाढतं का या तपासणीला) ०.०२५, तर नेहमीच्या ट्युमरला अनुक्रमे ०.०१ आणि ०.००५, कारण नेहमीच्या ट्युमरमध्ये योगायोगाने फरक पडणं सोपं असतं. आता ५०-५० चे ग्रुप घ्या. कंट्रोल ० आणि हाय डोस ३ असेल तर पी ०.१२, चार असतील तर ०.०५९, पाच झाले की ०.०२८. म्हणजे दुर्मिळ ट्युमरचे चार रॅट हाय डोसमध्ये सापडले तरी सैल निकषावरही स्टॅटिस्टिक्स गप्प बसतं. चार! चार नेफ्रोब्लास्टोमा समोर आले तर कुठला शहाणा पॅथॉलॉजिस्ट गप्प बसेल? म्हणून म्हणतो की पी व्हॅल्यू नाही म्हणून संबंध नाही, हे वाक्य दुर्मिळ ट्युमरच्या बाबतीत लिहूच नये, तुमच्या बाजूचं असलं तरी.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर प्रत्येक गाठ झटकून टाकायची सवय लागते. व्हॅरेनिक्लिन घ्या, सिगारेट सोडवण्याचं औषध. दोन वर्षांच्या रॅट स्टडीत प्रत्येक ग्रुपला प्रत्येकी ६५ नर-माद्या, आणि नरांमध्ये हायबरनोमा म्हणजे ब्राऊन फॅटचा ट्युमर, मिड डोसला १ आणि हाय डोसला २. एकूण तीन गाठी. माद्यांमध्ये काही नाही. स्टॅटिस्टिक्सच्या निकषात हे बसत नाही, तरीही त्या तीन गाठी औषधाच्या लेबलवर छापल्या गेल्या, मानवासाठी याचा अर्थ ठरलेला नाही अशा वाक्यासकट. कारण १ आणि २ असा डोसच्या क्रमाने आलेला ट्युमर, आणि तोही असा की बऱ्याच पॅथॉलॉजिस्टनी आयुष्यात बघितलेला नसतो. नंतर स्प्रॅग-डॉलीच्या कंट्रोल रॅट्समध्येही हायबरनोमा सापडल्याचे रिपोर्ट आले, छातीच्या पोकळीत बदामी-तपकिरी मऊ गाठी, लोक त्यांना लायपोसार्कोमा म्हणून सोडून देत असतील असं मला वाटतं. पण लेबल छापून झालं ते झालं.

हृदयाच्या श्वानोमाची (नसांवरच्या श्वान सेलच्या ट्युमरची) गोष्ट याहून गुंतागुंतीची. एनटीपीने मोबाइलच्या रेडिओफ्रिक्वेन्सीवर रॅट स्टडी केली, २०१८ मध्ये फायनल रिपोर्ट आले. हार्लन स्प्रॅग-डॉली नर, ग्रुपला ९०. कंट्रोलमध्ये हृदयातला मॅलिग्नंट श्वानोमा शून्य, जीएसएम सिग्नलच्या तीन ग्रुपमध्ये २, १, ५ आणि सीडीएमएच्या तीन ग्रुपमध्ये २, ३, ६. यावर त्यांनी नर रॅट्ससाठी 'स्पष्ट पुरावा' असा शेरा दिला. विरोधकांचा मुद्दा होता की कंट्रोलचे नर लवकर मेले, दोन वर्षांच्या शेवटी जेमतेम २८ टक्के जिवंत होते, रेडिएशनवाले त्यापेक्षा जास्त जगले, आणि हा म्हातारपणी होणारा ट्युमर असेल तर कमी जगलेल्यांत तो दिसणार कसा? मुद्दा रास्त आहे, त्यासाठीच पॉली-३ सारख्या टेस्ट असतात ज्या कोण किती जगला ते हिशोबात घेतात. पण एनटीपीच्या बाजूने जे मला वजनदार वाटतं ते म्हणजे दोन वेगवेगळ्या सिग्नलमध्ये तोच ट्युमर, त्याच अवयवात, वरच्या डोसला जास्त, आणि काही एक्सपोज्ड नरांमध्ये एन्डोकार्डियमखाली श्वान सेलची हायपरप्लेझिया, म्हणजे आधीची पायरीही सापडली. ही पायरी महत्त्वाची. तुमच्या स्टडीत नेमकी तीच शोधायची आहे.

आणि जेव्हा औषध खरोखर दुर्मिळ ट्युमर करतं तेव्हा बहुधा वाद घालायची वेळच येत नाही. टेरिपॅराटाइड, हाडं ठिसूळ झालेल्यांना देतात ते इंजेक्शन. फिशर रॅटमध्ये ऑस्टिओसार्कोमा एरवी अगदी तुरळक, पण तरुणपणापासून जवळजवळ आयुष्यभर टेरिपॅराटाइड दिल्यावर सगळ्या डोस ग्रुपमध्ये आला आणि वरच्या डोसला ४० ते ५० टक्क्यांपर्यंत गेला. तिथे हिस्टॉरिकल कंट्रोल (जुन्या स्टडीजमधल्या कंट्रोल जनावरांचे आकडे) उघडायची गरज कुणाला? २००२ मध्ये औषध आलं ते काळ्या चौकटीतली वॉर्निंग घेऊनच, आणि माणसांत अनेक वर्षं लक्ष ठेवून तसं काही दिसलं नाही तेव्हा २०२० मध्ये ती चौकट काढली.

हिस्टॉरिकल कंट्रोलबद्दल मात्र सावध राहा, कारण तुमचा स्टडी डायरेक्टर पहिली उडी तिथेच मारणार. पहिली गोष्ट, स्ट्रेन. एका स्ट्रेनमधला दुर्मिळ ट्युमर दुसऱ्यात रोजचा असतो. फिशर ३४४ च्या म्हाताऱ्या नरांमध्ये टेस्टिसचा लायडिग सेल ट्युमर इतका असतो की ज्याला नाही तोच अपवाद, आणि मोनोन्यूक्लियर सेल ल्युकेमिया निम्म्याच्या आसपास नरांना, तर विस्टारमध्ये तो ल्युकेमिया दिसला तर मी खुर्चीवरून उठेन. गर्भाशयाचा अ‍ॅडेनोकार्सिनोमा हॅन विस्टार आणि जपानच्या डॉनर्यू माद्यांमध्ये बऱ्यापैकी होतो, फिशरमध्ये फारसा नाही. त्यामुळे कुठल्यातरी पेपरमधला फिशरचा आकडा उचलून विस्टारला लावू नका. दुसरी गोष्ट, स्टडीचा कालावधी. दोन वर्षांच्या डेटाबेसमधला नेफ्रोब्लास्टोमाचा आकडा ९० दिवसांच्या जनावराला जसाच्या तसा लागू पडत नाही.

तिसरी गोष्ट, शून्याचा अर्थ. समजा तुमच्या लॅबने ४० स्टडी केल्या, ४०० कंट्रोल नर बघितले आणि एकही नेफ्रोब्लास्टोमा नाही. लोक लिहितात, आमच्याकडे याची नोंदच नाही, म्हणून हा औषधामुळे असू शकतो. अहो, ४०० मध्ये शून्य याचा अर्थ खरं प्रमाण पाऊण टक्क्यापर्यंतही असू शकतं, तीन भागिले ४०० हा ठोकताळा ९५ टक्के खात्रीला पुरतो. आणि जुन्या स्टडीजमध्ये डोस ग्रुपमध्ये कधी एखादा सापडला होता का तेही बघा, वेगवेगळ्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या कंपाउंडच्या डोस ग्रुपमध्ये एकेक सापडला असेल तर तो पुरावा तुमच्या बाजूचाच आहे. बहुतेक लॅबची एक्सेल शीट फक्त कंट्रोलची असते, तिथे तो दिसणारच नाही, आर्काइव्हमधले रिपोर्ट उघडावे लागतील.

आता प्रत्यक्ष काय करायचं. त्या नराची शिल्लक वेट टिश्यू काढा, पण सगळी कापून टाकू नका, जीएलपीखाली (लॅबच्या कामाच्या नियमांखाली) काही जपून ठेवावी लागेलच. गाठीचे आणखी दोन-तीन ब्लॉक करा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे उजवी किडनी आणि डाव्या किडनीचा गाठीपासून लांबचा भाग. तिथे ब्लास्टेमाचे छोटे अवशेष, नेफ्रोब्लास्टोमॅटोसिस, सापडले तर जन्मजात असल्याचा थेट पुरावाच हाती आला. सापडले नाहीत तरी बिघडत नाही. मग बाकीच्या सगळ्या नरांच्या किडन्या ग्रुप न बघता पुन्हा वाचा, एका बैठकीत, आणि शोधायचं काय तर ट्युब्यूलच्या एपिथेलियमची अ‍ॅटिपिकल हायपरप्लेझिया, नेक्रोसिस, रिजनरेशन, नरांमध्ये हायलाइन ड्रॉपलेट (पेशींत साठलेले प्रोटीनचे थेंब). एक गोष्ट लक्षात ठेवा, ट्युब्यूलला इजा दिसली तरी तिचा ब्लास्टेमाच्या ट्युमरशी संबंध लागत नाही, पण ती वेगळी नोंदवावी लागेल आणि रिव्ह्यूअर ती जोडायचा प्रयत्न करेल, त्यामुळे आधीच उत्तर तयार ठेवा.

स्टेप सेक्शनचा मोह होईल. करायचे तर सगळ्या ग्रुपचे करा किंवा किमान कंट्रोल आणि हाय डोसचे सारखेच करा. फक्त हाय डोसच्या किडन्या खोलवर कापत बसलात तर जिथे जास्त शोधलं तिथेच जास्त सापडणार, आणि मग तुम्ही स्वतःच तयार केलेला डोस रिस्पॉन्स तुम्हालाच खोडावा लागेल. तुमच्या केसमध्ये मला तरी गरज वाटत नाही.

ऑर्गन वेटचं टेबल बघितलंत का? हे हमखास राहून जातं. मोठ्या विस्टार नराच्या दोन्ही किडन्या मिळून साधारण अडीच-तीन ग्रॅम, त्यात एका किडनीला पाच-सहा ग्रॅमची गाठ असली की १० जनावरांच्या ग्रुपचा मीन उचलला जातो, सिग्निफिकन्सचा स्टार पडतो किंवा स्टँडर्ड डेव्हिएशन फुगून खरा फरक लपतो. दोन्ही हिशोब द्या, त्या जनावरासकट आणि त्याच्याशिवाय, खाली तळटीप लिहा. जनावर टेबलमधून गायब करू नका, ऑडिटमध्ये तेच पहिलं विचारतात. बीयूएन, क्रिएटिनिन (किडनीच्या कामाच्या रक्ततपासण्या) नॉर्मल असेल तर तेही लिहा, एक किडनी धड असली की ते नॉर्मलच राहतं, त्यावरून फार काही काढू नका.

एम्स आणि मायक्रोन्यूक्लियस या, जीन बिघडतात का ते तपासणाऱ्या, टेस्टचे रिझल्ट मागवून घ्या. निगेटिव्ह असतील तर एका ओळीत उल्लेख करा. पॉझिटिव्ह असेल, किंवा दुसऱ्या एखाद्या जनावरात अगदी छोटी का होईना तशीच गाठ सापडली, किंवा डायग्नोसिस मेसेन्कायमल ट्युमरकडे सरकलं, तर वर मी जे बिनधास्त म्हटलं ते मी परत घेईन आणि सरळ पॅथॉलॉजी वर्किंग ग्रुप (तज्ज्ञ पॅथॉलॉजिस्टची समिती) बसवायला सांगेन. पीअर रिव्ह्यू तर तसाही करून घ्याच, आणि तो अशा माणसाकडून ज्याने रॅटचे ट्युमर बघितलेत. नाव इनहँडच्या (रॅट-माऊसमधल्या बदलांच्या आंतरराष्ट्रीय नावांच्या यादीच्या) व्याख्येप्रमाणेच द्या, स्वतःचं नाव शोधू नका.

रिपोर्टमध्ये मी साधारण असं लिहीन: हाय डोसच्या एका नरात डाव्या किडनीत नेफ्रोब्लास्टोमा आढळला. हा भ्रूणजन्य उगमाचा ट्युमर असून तरुण रॅटमध्ये उपचाराशिवायही होतो हे ज्ञात आहे. एकच जनावर, एकाच बाजूची एकच गाठ, इतर कुठल्याही जनावरात प्रीनिओप्लास्टिक बदल नाहीत, किडनीत टेस्ट आयटमशी संबंधित इतर बदल नाहीत, जीनोटॉक्सिसिटी निगेटिव्ह, म्हणून हा ट्युमर स्पॉन्टेनियस आणि टेस्ट आयटमशी असंबंधित मानला. यातलं जे तुमच्या स्लाइडवर खरं असेल तेवढंच ठेवा. शेवटच्या वाक्यात 'शक्यतो', 'बहुधा' असले शब्द पेरू नका, त्याने तुमची बाजू सुरक्षित होत नाही, फक्त पुढचा प्रश्न येतो.

स्पॉन्सरच्या मीटिंगला टेबल घेऊन जाऊ नका, स्लाइडचे फोटो घेऊन जा, ब्लास्टेमा, अर्धवट नळ्या आणि शेजारची निरोगी किडनी एका फ्रेममध्ये. आणि वर दिलेला ७५ टक्क्यांचा हिशोब, तो केमिस्टला पण लगेच कळतो. पुढे हे मॉलिक्यूल औषध म्हणून जाणार असेल तर दोन वर्षांची रॅट स्टडी लागेलच असं नाही, २०२२ च्या आयसीएच एस१बी (औषधांच्या कॅन्सर तपासणीची आंतरराष्ट्रीय गाइडलाइन) सुधारणेनंतर उपलब्ध पुराव्यांच्या वजनावर ती टाळता येऊ शकते, आणि तिथे तुमच्या या रिपोर्टमधला किडनीचा परिच्छेद कुणीतरी बारकाईने वाचणार. अ‍ॅग्रोकेमिकल असेल तर ती स्टडी बहुधा होणारच, तेव्हा तिथल्या पॅथॉलॉजिस्टला हा रिपोर्ट आधी पाठवायला सांगा, आणि नेक्रॉप्सीच्या टीमला एवढंच सांगून ठेवा की किडनीत काही दिसलं तर फॉर्मलिनमध्ये टाकायच्या आधी एक छोटा तुकडा फ्रीझ करायचा, म्हणजे भावंडांत पुन्हा काही निघालं तर जीन तपासता येईल.